पेशी मेल्या, पण किती मात्रेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट’ अशा मथळ्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर येते. बातमी बहुधा खोटी नसते. प्रयोग झालेला असतो आणि पेशी मेलेल्याही असतात. पण कोणत्या पेशी, किती मात्रेला आणि कशाच्या तुलनेत, हे गाळले गेले की रुग्णाच्या घरी तिचा अर्थ ‘औषध सापडले’ एवढाच होतो. कुणी तो पाला शोधायला निघतो, कुणी केमोथेरपीची पुढची तारीख चुकवतो. म्हणून हा प्रयोग प्रत्यक्षात कसा होतो आणि कुठे फसतो, ते जरा तपशिलाने मांडतो.

सावलीत वाळवलेल्या पाल्याची पूड मिथेनॉलमध्ये दोन-तीन दिवस भिजत घालतात, गाळतात आणि कमी दाबाखाली ४० अंशांच्या आसपास मिथेनॉल उडवून टाकतात. खाली उरतो तो काळपट हिरवा, काकवीसारखा चिकट अर्क. तो पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून पेशींवर घालतात. पहिली मेख इथेच आहे. पेशींच्या पोषकद्रवात डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर बहुतेक पेशी तो सोसतात. दोन टक्क्यांच्या पुढे तो स्वतःच त्यांना मारू लागतो. अर्काची मात्रा चढवताना द्रावकही चढत गेला आणि ‘नुसता द्रावक’ घातलेले खळगे तुलनेला ठेवले नाहीत, तर पेशी कशाने मेल्या हे सांगता येत नाही.

आता थाळी. तळहाताएवढ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या थाळीत ९६ खळगे असतात. प्रत्येकात साधारण ५ ते १० हजार पेशी, १०० मायक्रोलिटर पोषकद्रवात. रात्रभर त्या तळाला चिकटू देतात, मग वेगवेगळ्या मात्रांत अर्क घालून ३७ अंशांना ४८ तास ठेवतात. त्यानंतर एमटीटी हा पिवळा रंगद्रव असा घालतात की खळग्यात तो प्रति मिलिलिटर अर्धा मिलिग्रॅम राहील. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. तीन-चार तासांनी वरचा द्रव हलक्या हाताने ओढून घ्यायचा, स्फटिक डीएमएसओत विरघळवायचे आणि ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा. जितका गडद जांभळा, तितक्या पेशी जिवंत.

यंत्र पेशी मोजत नाही, रंग मोजते. वनस्पतींतील टॅनिन, फ्लेव्होनॉइड किंवा क जीवनसत्त्व ही द्रव्ये पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उलट, द्रव ओढताना नळीबरोबर स्फटिकही निघून गेले, तर जिवंत पेशी मेल्याची नोंद होते. यावर उपाय साधा आहे: काही खळग्यांत पेशी न घालता फक्त अर्क आणि एमटीटी ठेवायचे, आणि एमटीटी घालण्याआधी पेशींवरचा अर्क धुऊन काढायचा. शोधनिबंधात ही तुलना दिसली नाही तर आकडे कितीही सुबक असोत, त्यांवर विसंबू नये.

मात्रेचा प्रश्न याहून मोठा. निम्म्या पेशींना रोखणारी मात्रा प्रति मिलिलिटर २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तरच कच्चा अर्क पुढे तपासण्याजोगा, असा दंडक या क्षेत्रात रूढ आहे. ३०० किंवा ५०० मायक्रोग्रॅमला पेशी मरणे ही बातमी नव्हे. एवढ्या मात्रेत पुष्कळ निरुपद्रवी पदार्थही पेशींना सोसवत नाहीत.

हळदीतल्या कर्क्युमिनचे उदाहरण घ्या. थाळीत ते बऱ्याच पेशींवर २० मायक्रोमोलरच्या आसपास काम करते, म्हणजे प्रति मिलिलिटर सुमारे ७.४ मायक्रोग्रॅम. बंगळूरला झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन एकदम दिले, तेव्हा रक्तात ते प्रति मिलिलिटर जेमतेम ०.००६ मायक्रोग्रॅम सापडले. सोबत मिऱ्यातले पाइपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर ते ०.१८ पर्यंत गेले. शोषणात ‘२००० टक्के वाढ’ म्हणून सांगतात ती याच अभ्यासातली. तरीही थाळीतल्या मात्रेच्या ते चाळिसाव्या हिश्श्याएवढेच राहते. आणि २ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे ४० ते ६७ ग्रॅम हळद, कारण हळदीत ते ३ ते ५ टक्केच असते.

शिवाय पाइपरिन हे शोषण वाढवते ते औषधे मोडण्याची यकृतातली यंत्रणा मंदावून. फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी त्याने वाढते. कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणे इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. भाजीतल्या हळदीबद्दल हे नाही; जास्त मात्रेच्या गोळ्यांबद्दल आहे, आणि त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हव्यात.

‘निरोगी पेशींना धक्का नाही’ हे वाक्यही तपासून छापावे. ‘चँग लिव्हर’ या पेशी कित्येक निबंधांत निरोगी यकृतपेशी म्हणून वापरल्या गेल्या. प्रत्यक्षात त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या हेला पेशी आहेत, हे डीएनए चाचणीने सिद्ध झाले आहे. म्हणजे तुलना कर्करोगाची कर्करोगाशीच झाली.

खरे औषध कसे घडते, याचा दाखला आपल्या सह्याद्रीतच आहे: नरक्या. या झाडात कॅम्पटोथेसिन असते, हे गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले. हे द्रव्य मुळात १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले होते. थाळीत आणि उंदरांत ते जबरदस्त होते. पण पाण्यात विरघळेना, म्हणून त्याच्या रेणूतले कडे उघडून सोडियम क्षार केला आणि तो रुग्णांना दिला. क्षाराचा गुण मूळ द्रव्याच्या मानाने फारच कमी भरला. वर आम्लधर्मी लघवीत ते कडे पुन्हा जुळे आणि मूत्राशयातून रक्तस्राव होई. चाचण्या थांबल्या. हे द्रव्य पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या विकरावर (एन्झाइमवर) काम करते, हे १९८५ साली कळले, आणि रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाली. थाळीत सर्वार्थाने यशस्वी ठरलेल्या द्रव्यालाही तीस वर्षे लागली.

तेव्हा अशी बातमी छापताना मात्रा आकड्यात द्यावी, तुलनेच्या पेशी कोणत्या ते विचारावे, आणि प्रयोग थाळीत, प्राण्यात की माणसात झाला हे मथळ्यातच यावे. वनस्पतीचे शास्त्रीय नावही हवे. ‘शंखपुष्पी’ म्हणून किमान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. वाचक कोणती आणणार?

आणखी एक कळकळीची विनंती. ती वनस्पती कुठल्या डोंगरावर, कुठल्या गावाजवळ मिळते हे कृपया छापू नये. नरक्यात कॅम्पटोथेसिन बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहूनही कमी असते. तेवढ्यासाठी सह्याद्रीतली अख्खी झाडे मुळासकट उपटून पोत्यांत भरून चोरीने बाहेर गेली आहेत, आणि आजही जातात.

आपला,
वनस्पती-रसायनशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे