गोळी घ्यायची की नाही, एवढे तरी मराठीत लिहा

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षे विड्या वळून संसार ओढलेल्या माझ्या आईला गेल्या मंगळवारी रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी बोलावले होते. ती उपाशी गेली. परंतु मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोजच्यासारखी घेऊन गेली, कारण ती गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक उतरते, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. साडेअकरापर्यंत रांगेत उभी राहून ती घामाने निथळली, असंबद्ध बोलू लागली आणि खाली बसली. तिच्या तोंडात साखर घातली ती दारातल्या चहावाल्याने. त्याच्या वडिलांनाही हाच आजार होता. त्यानंतर मोजलेली साखरसुद्धा ४८ इतकी कमी भरली. आपल्या खात्याने त्या चहावाल्याला मानधनावर नेमावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

विचारणा केल्यावर ‘कागदावर सगळे लिहिले आहे’ असे उत्तर मिळाले. लिहिले होते खरे, पण इंग्रजी आद्याक्षरांत. आई घरी तेलुगू बोलते आणि मराठी अडखळत वाचते. मराठी ही १९६४च्या कायद्याने राज्याची राजभाषा आहे, २०२४ साली तर ती अभिजातही झाली. तिला औषधाच्या चिठ्ठीवर तेवढा प्रवेश नाही. आमच्या गल्लीत शंभरातल्या ऐंशी जणांना ती चिठ्ठी वाचता येणार नाही, हा माझा अंदाज. चुकीचा असल्यास आपण मोजणी करून दाखवावी.

आरोग्य साक्षरता म्हणजे भिंतीवरचे फलक, अशी आपल्या यंत्रणेची समजूत दिसते. येथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, म्हणून घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात, आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फलक सांगतो, ‘कोरडा दिवस पाळा.’ पिंप ओतून दिल्यावर प्यायचे काय, हे त्यावर नाही. क्षयरोगाच्या गोळ्या खोकला थांबताच सोडणाऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे असते. सहा महिने का घ्यायच्या, हे समजावायला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे कोणाच्याच कामात धरलेली नाहीत. आशाताईंनी समजवावे म्हणाल, तर त्यांना अर्ज आणि नोंदवह्यांतून सोडवा. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे वचन २०१७च्या राष्ट्रीय धोरणात होते. त्या वचनाचे काय झाले, हेही कोणी सोप्या मराठीत सांगावे.

येत्या सोमवारी आईची पुन्हा तपासणी आहे. ‘गोळी घेऊ का रे?’ असे ती रोज विचारते आहे. नव्या कागदावरही ते लिहिलेले नाही.

आपला,
एका विडी कामगार बाईचा मुलगा,
सोलापूर