स्टिक वाटल्या, शिकवणार कोण? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नवी मुंबईतल्या एका माध्यमिक शाळेत हॉकीचा चेंडू तोंडावर बसून आठवीतल्या मुलीचे पुढचे दोन दात गेले. तिच्या तोंडात दात वाचवणारं माउथगार्ड नव्हतं, पायाला नडगीचे शिनपॅड नव्हते. ज्याने चेंडू मारला त्या मुलाला हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारायचा जोरदार फटका, कसा मारतात हे कुणी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या कार्यक्रमात व्यासपीठावरून शब्द दिला गेला होता: स्टिकबरोबर पॅड मिळतील, आठवड्यातून दोनदा प्रशिक्षक येईल, मैदान आखून मिळेल. प्रत्यक्षात स्टिकची गोणी आली, वाटपाचा फोटो निघाला आणि विषय संपला.

हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो, म्हणजे वजनाला क्रिकेटच्या सीझन बॉलएवढाच आणि तितकाच टणक. सीझन बॉलसमोर मुलांना पॅडशिवाय उभं करायची हिंमत कुठल्याही शाळेची होणार नाही. हॉकीच्या बाबतीत मात्र सरकारी पातळीवरच ते चालवून घेतलं जातं.

आता त्या स्टिकबद्दल. सरसकट साडेसदतीस इंची! स्टिक पायाशी उभी धरली की तिचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यावं, हा साधा नियम. आठवी-नववीच्या बहुतेक मुलांना 35 किंवा 36 इंची पुरते. लांब स्टिकची मूठ वाकल्यावर पोटात रुतते, म्हणून मूल ताठ उभं राहतं आणि स्टिक अंगापासून लांब धरतं. मग स्टिकचं सपाट तोंड आभाळाकडे उघडतं, फटका चेंडूच्या खालून बसतो आणि चेंडू उडतो. त्यात ठाण्या-नवी मुंबईतलं प्रत्येक मूल गल्ली क्रिकेट खेळून आलेलं. दोन्ही हात एकत्र धरून, बॅटसारखा खालून वर झोका देणं त्याच्या अंगातच असतं. त्या मुलीच्या बाबतीत झालं ते हेच, आणि शिकवणारा कुणी असता तर ते टळलं असतं.

हिट हा हॉकीचा पहिला धडा नव्हेच. पहिले निदान सहा आठवडे हिट पूर्ण बंद ठेवावा लागतो. आधी ग्रिप: डावा हात मुठीच्या टोकाशी, उजवा हात खाली, स्टिकच्या साधारण मध्यावर. स्टिक फिरवतो तो डावा हात, उजव्या मुठीत ती नुसती फिरली पाहिजे. चेंडू फक्त सपाट बाजूनेच खेळायचा असतो; उजवा हात आवळला की रिव्हर्सला, म्हणजे स्टिक उलटी करून खेळताना, ती वळत नाही, चेंडूला तिची गोल बाजू लागते आणि फाउल होतो. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी स्टिक नसते, पण मुख्य काम डाव्या हाताचंच असल्याने ती लवकर शिकतात. त्यांना ‘तुला जमणार नाही’ म्हणून बाजूला बसवलं जातं, ते अज्ञानातून.

मग पुश (चेंडू ढकलणं) आणि स्टॉप (चेंडू अडवणं), दोन्ही एकत्रच. पुशला डावा खांदा लक्ष्याकडे, गुडघे वाकलेले, चेंडू पुढच्या पायाच्या किंचित मागे आणि स्टिक चेंडूला टेकलेली. स्टिक मागे न नेता वजन उजव्या पायावरून डाव्यावर न्यायचं. स्टॉपला स्टिकचा दांडा किंचित पुढे झुकलेला, म्हणजे चेंडू खालीच दबतो. हात सैल सोडायचे, घट्ट धरले की चेंडू आपटून परत जातो. जोडीत पाच-सहा मीटर अंतर आणि प्रत्येक जोडीला एक चेंडू. चाळीस मुलांना वीस चेंडू लागतात. या शाळेला चार मिळाले. पस्तीस मिनिटांच्या तासात चार चेंडूंवर चाळीस मुलं काय शिकणार? हिट येतो त्यानंतर, तोही सगळ्यांनी एका रांगेतून, एकाच दिशेला, आणि शिट्टी झाल्याशिवाय कुणी चेंडू आणायला पुढे जायचं नाही.

यासाठी 91.4 बाय 55 मीटरचं मैदान लागत नाही. 28 बाय 15 मीटरच्या बास्केटबॉल कोर्टवर एका वेळी सोळा मुलं व्यवस्थित शिकतात. पण जमीन सपाट हवी. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यावर चेंडू उसळतो आणि आपल्या शहरांत शाळांची पटांगणं पेव्हरनेच भरली आहेत. ‘ठाण्यात घोडबंदर रोडला टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची मैदानं, आहेत की’ हे उत्तर आता पुरे झालं. भाड्याचे ते टर्फ फुटबॉलचे. पाती लांब, मध्ये रबराचे दाणे, त्यावर हॉकीचा चेंडू धड सरकत नाही. हॉकीच्या टर्फची पाती आखूड आणि दाट असतात. 1976 ला माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. पन्नास वर्षं होत आली, तरी हा फरक आम्हाला अजून फायलींवर लिहून द्यावा लागतो.

आणि हे फक्त हॉकीचं दुखणं नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान सांगितलं आहे, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितला आहे. निदेशक कुठे आहेत? पीटीचा तास गणिताला जातो आणि पीटीचे सर निवडणुकीच्या कामाला. शालेय स्पर्धा जाहीर झाली की आठ दिवसांत अकरा मुलं गोळा करायची, वाढीव गुणांच्या आशेवर मैदानात उतरवायची आणि पुन्हा वर्षभर विसरायचं. टोकियो आणि पॅरिसच्या कांस्यपदकांना आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भारताचे माजी हॉकी कर्णधार धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीतून आले, याच महाराष्ट्रातून. त्यांच्यामागे येणाऱ्या मुलांना आपलं खातं चार चेंडू देतं, याची आम्हा शिकवणाऱ्यांना चीड येते.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी माध्यमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला 25 हजारांपर्यंत तरतूद आहे. एका वर्गापुरते शिनपॅड त्यात येतात. माउथगार्ड प्रत्येकाचं स्वतःचं लागतं, ते वेगळं द्या. मापाच्या स्टिक द्या, वीस चेंडू द्या, आठवड्याचे दोन तास शिकवणारा माणूस द्या. गोलकीपरचा हेल्मेट-पॅडसह पूर्ण संच येईपर्यंत गोलात मूल उभं करू नये, असं लेखी परिपत्रक काढा. आणि त्या मुलीच्या दातांचा खर्च कोण देणार, ते या आठवड्यात तिच्या आईवडिलांना कळवा.

आपले,
शालेय हॉकी शिकवणारे काही शिक्षक,
ठाणे व नवी मुंबई