कपाटावरचा सॅक्सोफोन

प्रिय बाळा,

परवा फोनवर मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. ताईने तुझ्या ब्रुकलिनच्या कार्यक्रमाचं पोस्टर पाठवलं होतं. त्यावर नुसतं तुझं नाव, आडनाव नाही. मला लागलं ते. पण तोंडातून निघालं भलतंच, ‘सेल्मर सॅक्सोफोन का ठेवून गेलास?’ आज त्याबद्दल अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

पुण्याच्या मैफलीनंतर एकाने तुझ्या पाठीवर थाप मारली, ‘अगदी वडील!’ म्हणाला, आणि मी खुशीत हसलो. तुझ्या चेहऱ्याकडे तेव्हा पाहिलंच नाही. आता रात्री तोच दिसतो.

जॅझचा थोर सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, त्याच्या मुलाचं, रवीचं बघ. जॉन 1967 च्या जुलैत गेला तेव्हा पोर दोन वर्षांचंही नव्हतं. नाव आपल्या रविशंकरांवरून ठेवलेलं. त्याने टेनर सॅक्सोफोन घेतला, सोप्रानो सॅक्सोफोन घेतला, दोन्ही बापाचीच वाद्यं. बापाच्या ड्रमरबरोबर, एल्विन जोन्सबरोबर वाजवलं. स्वतःच्या नावावर पहिली रेकॉर्ड आली 1998 मध्ये, तिशी उलटल्यावर. तू अठ्ठावीसचाच आहेस. आपल्याकडे जॅझवाल्या लुई बँक्सचे वडील ट्रम्पेटवाले, लुई पियानोवर, त्याचा मुलगा जिनो ड्रमवर. तोही रस्ता आहेच. पण बापाचं वाद्य हातात घेतलं म्हणून काही कोणी...

बघ, लागलो शिकवायला. माफ कर. रवीला बाप आठवतही नसेल. तुझा बाप शेजारच्या खोलीत बसून, तुझा सूर हलला की भिंतीवर टकटक करायचा. ही तुलना मी करायलाच नको होती.

तरी एक सांगतो. सेल्मर माझा नव्हताच मुळी. धोबीतलावच्या सरांनी मला तो हप्त्याने दिला, आणि रंगभवनला जॅझयात्रा महोत्सवात वाजवला तेव्हा तीन हप्ते बाकी होते. त्याच्यावर माझं नाव कुठेही कोरलेलं नाही.

पावसाळ्यात त्याचं जी-शार्प सुराच्या कळेखालचं पॅड चिकटायचं, आठवतं? सात वर्षांचा होतास. बेस्टचं तिकीट जपून घरी आणायचास. ते पॅडखाली सरकवायचं, कळ हलकेच दाबायची, तिकीट ओढून घ्यायचं. पॅडचा गोल डाग उमटलेली ती तिकिटं तू वहीत चिकटवलीस. वही आईच्या ट्रंकेत आहे. तिला सांगू नकोस, मी काढून पाहिली.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. दुसऱ्या फेरीत तू सोलो सुरू करण्याआधी थांबतोस, तालाचे अख्खे तीन बार. बास एकटा चालतोय आणि तू गप्प. मी असा कधी थांबलो नाही रे. रिकामी जागा दिसली की मी भरून टाकायचो, लोक उठून जातील अशी धास्ती असायची. ते थांबणं तुझं आहे. पोस्टरवर काय हवं ते लिही.

भाड्याचा टेनर परत कधी द्यायचा आहे? मानेचा पट्टा चांगला घे, खांदा दुखतो असं आई म्हणत होती. पैसे लागले तर तिच्यामार्फत नको, मला सांग.

दात गेल्यापासून मला फुंकता येत नाही. संध्याकाळी सेल्मर कपाटावरून काढतो, पतंगाचा कागद लावून जी-शार्पचं पॅड पुसतो आणि सगळ्या कळा एकदा चालवून ठेवतो. पाऊस आहे इकडे.

तुझा,
बाबा