आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आधी एमआरआय करा, मग सुई टोचा

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

कॅन्सरच्या निदानासाठी कुणालाही ताटकळावं लागणार नाही, असं आपण सभागृहात सांगितलंत. त्याच आठवड्यात माझ्या वडिलांचा रिपोर्ट आला. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर हाडांत पसरलाय. आमच्या सरकारी रुग्णालयातल्या एमआरआय मशीनची फीत कापतानाही आपण हेच आश्वासन दिलं होतं. आपल्या पदाचा मान राखून विचारते, ते मशीन आज बंद का आहे? त्यात बिघाड नाही. ते चालवायला माणूस नाही.

बाबांच्या रक्तात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून येणारं आणि वाढलं की कॅन्सरची शंका येते ते प्रथिन, वाढलेलं आलं आणि थेट बायॉप्सी सांगितली गेली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी दिसते, पण तिच्यातली कॅन्सरची जागा बहुतेक वेळा वेगळी ओळखू येत नाही. मग गुदद्वाराच्या बाजूने ठरावीक ठिकाणी सुया टोचून तुकडे घेतात. सापडला तर सापडला. बाबांना थंडी वाजून ताप भरला, लघवीतून रक्त गेलं आणि रिपोर्ट आला, ‘कॅन्सर नाही’. आम्ही देवापुढे दिवा लावला. पीएसए मात्र चढतच राहिलं. पुन्हा सुया, पुन्हा ‘नाही’. एमआरआयसाठी नाव नोंदवलं, तर तारखेमागून तारीख. कधी टेक्निशियन रजेवर, कधी रिपोर्ट लिहायला रेडिओलॉजिस्ट नाही. चिठ्ठी आणणाऱ्यांना मात्र त्याच दिवशी आत घेत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटी लांबच्या रुग्णालयात स्कॅन झालं. गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात होती. मागून घातलेल्या सुया सहसा तिथवर पोचतच नाहीत. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: गाठीत पेशींची दाटी असते, त्यामुळे पाण्याच्या कणांना हलायला जागा उरत नाही, आणि पाण्याची ही हालचाल टिपणाऱ्या ‘डिफ्युजन’च्या चित्रात ती जागा उजळून दिसते. मलासुद्धा दिसली. इतके महिने ती तिथेच वाढत होती.

एमआरआयवर डाग दिसला म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही, त्यासाठी बायॉप्सी लागतेच, हे मलाही कळतं. पण सुई कुठे टोचायची हे एमआरआय सांगतं. ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. ५७६ पुरुषांची तपासणी झाली होती. उपचार करायलाच हवा अशा कॅन्सरपैकी ९३ टक्के एमआरआयने हेरले, नेहमीच्या बायॉप्सीने ४८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त निसटले! शिवाय एमआरआय आधी केलं तर चौघांतल्या एकाला बायॉप्सी टाळता आली असती, असंही त्यातून निघालं. आपल्या खात्यात हे कुणी वाचलंय का? वाचलं असेल तर आजही आधी सुया का टोचल्या जातात?

रांगेत एक बाई भेटल्या. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, निर्दोष होती, तरी गाठ हाताला लागत होती. स्तनाच्या ऊती दाट असल्या की मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते. नेदरलँड्समध्ये अशाच अतिदाट ऊती असलेल्या स्त्रियांना मॅमोग्राफीनंतर एमआरआयसाठी बोलावलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीला येणारे कॅन्सर हजारी ५ वरून २.५ वर आले. हे निष्कर्ष २०१९ साली आले. त्या बाईंनाही पुढची तारीखच मिळाली.

एमआरआय चुंबकावर चालतं. गाठीतल्या पाण्याचा चुंबकीय प्रतिसाद निरोगी ऊतीपेक्षा वेगळा असतो, हे अमेरिकन डॉक्टर रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या गाठींवर १९७१ साली दाखवलं. चुंबकाने कॅन्सर शोधायचा विचार इतका जुना आहे. विज्ञानाने आपलं काम केलं. अडलंय ते तुमच्या कचेरीत. तुमच्या अहवालात किती मशीन घेतली ते छापलं जातं. किती स्कॅन झाले, रिपोर्ट कधी हातात पडला, किती जणांना उशीर झाला, याला रकानाच नाही. अशा मशीनचं चुंबक सहसा रात्रंदिवस चालूच असतं, उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये. रुग्ण घ्या किंवा दाराला कुलूप लावा, ते थंड ठेवायला वीज जळतेच. ती वीज जनतेच्या पैशाची. निविदा काढायला अधिकारी मिळतात, फीत कापायला मंत्री मिळतात, मग स्कॅन वाचायला डॉक्टर का मिळत नाही? खात्याला विचारलं तर वित्त विभागाकडे बोट, तिथे विचारलं तर रुग्णालयाकडे. या टोलवाटोलवीत कॅन्सर थांबत नाही, साहेब. प्रत्येक सरकारात हेच चाललंय आणि दरवेळी मरतो तो वशिला नसलेला माणूस.

वाढलेल्या पीएसएसाठी बायॉप्सी सांगण्याआधी एमआरआय करायचं, असा लेखी आदेश काढा. ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा धातूची क्लिप असल्याने ते करता येणार नाही, त्यांचा निर्णय डॉक्टर घेतील. रेडिओलॉजिस्ट आणि टेक्निशियनची रिकामी पदं भरा. प्रत्येक रुग्णालयात एमआरआयसाठी किती थांबावं लागतं, हे दर महिन्याला जाहीर करा. बाबांना आता याचा काही उपयोग नाही. त्यांच्यामागे रांगेत असलेल्यांना आहे.

उत्तर आपल्या सहीचं आणि तारखांसकट हवं. नुसती पोच पाठवू नका.

एका रुग्णाची मुलगी