किती तास चाकावर होता, तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महामार्गाच्या कडेला रात्री उभ्या असणाऱ्या ट्रकांबद्दल आपल्या दैनिकात वाचकांची पत्रं येत आहेत. अशा ट्रकवर मागून दुचाकी आदळून घरातला कर्ता माणूस जातो, तेव्हा घरच्यांचा होणारा संताप मी समजू शकते. पण एका पत्रात 'या लोकांना कशाचंच सोयरसुतक नसतं' असं वाक्य होतं. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. माझे वडील सुमारे चाळीस वर्षं ट्रक चालवत होते. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं आमचं मूळ गाव, तिथली जमीन सगळी पावसावर. १९७२ च्या दुष्काळात शेत करपलं आणि शाळा सोडून आबा सरकारी कामावर खडी फोडायला गेले. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन त्यांनी ते वर्ष काढलं. खडी न्यायला येणाऱ्या ट्रकचा किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा क्लीनर, पळून गेला, तेव्हा त्या गाडीच्या उस्तादाने आबांना वर घेतलं. पहिली काही वर्षं स्टिअरिंगला हात लावायची मुभा नव्हती. गाडी धुवायची, ताडपत्री ताणून दोर आवळायचा, घाटात उतरून चाकाला दगड लावायचा आणि टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून हवा बघायची. हे शेवटचं काम त्यांच्या कानात कायमचं बसलं. जोडटायरातला आतला टायर बसका असेल, तर एका ठोक्यात ते सांगायचे. गाडी सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी दारात जावयाचा पिकअप आला की आधी त्याच्या टायरवर थाप मारायचे आणि मग 'पाणी आण गं' म्हणायचे.

पुढे पिंपळगाव बसवंतला एका मालकाच्या गाडीवर लागले आणि आमचं बिऱ्हाड निफाड तालुक्यात आलं. कांदा भरायचा आणि आग्रा रोडने दिल्लीच्या आझादपूर मंडईत पोचवायचा. चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, पळासनेर, बिजासनचा घाट, सेंधवा, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा ही नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. माल नाशवंत, पावसात भिजला तर कोंब येतात आणि उशीर झाला की व्यापारी भाड्यातून कापून घेतो. त्यामुळे झोप आली तरी गाडी पुढे काढायची. सोबत किन्नर असायचा, पण दुसरा ड्रायव्हर मालकाला परवडायचा नाही. टाटाच्या जुन्या १२१० ट्रकच्या केबिनमध्ये इंजिनाचा निम्मा भाग आतच असायचा. मे महिन्यात धुळ्याच्या पुढे त्या पत्र्यावर हात टेकवत नसे, आणि माणूस तर दिवसभर त्याला मांडी लावून बसलेला.

आबांच्या सीटखाली एक लाल कापडी बांधणीची वही असायची. पुढच्या पानांवर डिझेल, हमाली, पंक्चर, नाक्यावरची पावती असा मालकाचा हिशोब. उलटी धरली की तीच वही आमची व्हायची. थोरलीची परीक्षा कधी सुरू, आईच्या दम्याच्या गोळ्या कोणत्या, किराणा दुकानदाराचं किती देणं, सगळं तिथे टिपलेलं. आग्र्याला चपला-बूट स्वस्त आणि टिकाऊ मिळतात. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधीच्या खेपेला निघताना आबा आम्हा तिघा भावंडांना ओळीने पाटावर उभं करायचे, वहीचं कोरं पान पायाखाली सरकवायचे आणि पेनाने पावलाभोवती रेघ ओढायचे. गुदगुल्या व्हायच्या, पाय हलला की रेघ चुकायची, मग दुसरं पान. 'वाढत्या पायाचं माप आहे, बोटभर जास्त धरतो,' असं स्वतःशीच म्हणायचे. ती वही आता माझ्याकडे आहे. आईने तिला कव्हर घातलं आहे.

फोन नव्हते तेव्हा निरोप उलट दिशेने येणाऱ्या ड्रायव्हरांकडून यायचे. कोणीतरी अनोळखी माणूस ट्रक सावकाश करून आमच्या फाट्यावरच्या दुकानात सांगून जायचा, 'तुमचं माणूस शिवपुरीला भेटलं, ठीक आहे, शुक्रवारपर्यंत येईल.' आई तेवढ्यावर चार दिवस निर्धास्त असायची. खंडेनवमीला आबा घरी असल्याचं मला फारसं आठवत नाही. ज्या पंपावर असतील तिथेच गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा.

१९९० च्या सुमारास बिजासनच्या घाटात उतारावर ब्रेक लागेना. खाली वळणावर गाड्या उभ्या होत्या. आबांनी ट्रक डोंगराच्या अंगाला घासला. समोरचे वाचले, किन्नरही वाचला, आबांचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. दवाखान्याचे थोडे पैसे मालकाने दिले, नंतर हात वर केले. कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई द्यायला लावणारा कायदा या देशात १९२३ पासून आहे, हे आम्हाला सांगणारं कोणी भेटलं नाही. आईने द्राक्षबागेत मजुरीला जाऊन घर चालवलं. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. प्लास्टर निघाल्यावर आबा खाटेवर बसून भिंतीला वीट लावायचे, तिच्यावर दुमडलेली गोधडी ठेवायचे आणि पाय दाबायचे, सोडायचे, दाबायचे. वेदनेने कपाळावर घाम यायचा, पण आई जवळ गेली की 'जमतंय' एवढंच बोलायचे. वर्षभरात ते पुन्हा गाडीवर गेले. मोडलेल्या त्याच पायाच्या कमाईवर मी डी.एड. केलं आणि आज शिक्षिका आहे.

आता मूळ विषयाकडे येते. आबांना रस्त्याच्या कडेला गाडी लावायची मनापासून भीती वाटायची. पंप किंवा धाबा मिळेपर्यंत ते डोळ्यांना पाणी लावून चालवायचे. पंपावर डिझेल नाही घेतलं तर उठवून लावत. धाब्यावर जागा भरलेली असे. शहराजवळ दिवसा अवजड वाहनांना बंदी, म्हणजे बाहेर थांबणं आलंच. पण थांबायचं कुठे, हे ठरवताना ड्रायव्हरचा विचार कोणी केलेला नसतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, लांब पल्ल्याला फार तर १० तास काम आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. आबांच्या सबंध उमेदीत तो लागू होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणाऱ्यांना त्याचा काय उपयोग? राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत हा नियमही २०१८ मध्ये शिथिल झाला.

काही चांगलंही घडतं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. तेल कंपन्यांच्या काही पंपांवर 'अपना घर' नावाने झोपायची, अंघोळीची सोय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार इमारती उभारण्याचं जाहीर केलं. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गांवर त्यातल्या किती उभ्या राहिल्या, कुठे राहिल्या, तिथे रात्री दोन वाजता जागा मिळते का, हे आपल्या बातमीदारांनी जाऊन पाहावं अशी माझी विनंती आहे. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चक्का जाम केला तेव्हा पंपांवरच्या रांगांचे फोटो सगळ्यांनी छापले. कांद्याचे लिलाव बंद पडले की शेतकऱ्यांचं, व्यापाऱ्यांचं म्हणणं येतं, आणि ते यायलाच हवं. भाड्याविना बाजार समितीबाहेर आठवडाभर बसलेल्या ड्रायव्हरलाही एकदा विचारा.

आणखी एक मागणं थेट आपल्याकडे आहे. अपघाताच्या बातमीत ट्रकचा नंबर येतो, 'चालकाविरुद्ध गुन्हा दाखल' हे येतं. चूक असेल तर गुन्हा दाखल व्हावा, आबाही हेच म्हणाले असते. मात्र त्या ओळीच्या शेजारी आणखी एक ओळ यावी: तो माणूस किती तास सलग गाडी चालवत होता आणि मागच्या किती अंतरात त्याला थांबायला जागा होती. पोलिसांना, मालकाला, शुद्धीवर असेल तर खुद्द त्याला विचारून ती छापावी. गाडीच्या मालकाचं नावही छापावं.

आपली नियमित वाचक,
एका ट्रक ड्रायव्हरची मुलगी,
ता. निफाड, जि. नाशिक