पटावर 752, हजर 296

न्यूकॅसल,
रविवार दुपार

प्रिय मंजू,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच ‘थांब गं, दूध उतू जातंय’ म्हणाली असतीस, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. तुझ्या सहावीच्या पोरांना रोमन लोकांबद्दल सांगायचंय आणि सुरुवात सीझरपासून करावी असं तुझ्या मनात आहे. नको करूस. सीझर, ऑगस्टस, नीरो अशी रांग लागली की पोरं सनावळ्या घोकायला बसतात आणि चाचणी झाली की सगळं धुऊन जातं. इथे इंग्लंडात रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवर झालेला परिणाम प्राथमिकच्या अभ्यासक्रमातच असतो, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे दरसाल शिकवावं लागतं. माझं ठाम मत झालंय की सुरुवात शिपायाच्या पोटापासून आणि पायांपासून करावी. लढाई शेवटी, तीही थोडीच. रोमन सैन्य ही मुळात पंचवीस वर्षांची नोकरी होती, आणि त्यातले बहुतेक दिवस खणण्यात, दळण्यात, पहाऱ्यात आणि हिशेब लिहिण्यात जात.

माझं नशीब असं की गाडीने तासाभराच्या आत विंडोलांडा आहे. हेड्रियन या रोमन सम्राटाने उत्तर इंग्लंडात बांधलेल्या भिंतीलगतचं रोमन ठाणं, पण भिंतीच्याही आधीपासूनचं. 1973 साली तिथल्या चिखलात पोस्टकार्डाएवढ्या, अगदी पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या, त्यांवर शाईने लिहिलेलं. ओल्या मातीत हवा शिरली नाही म्हणून लाकूड कुजलं नाही. तेव्हापासून अशा शेकडो पट्ट्या निघाल्यात आणि त्यातल्या बऱ्याच इसवी सन 100च्या आसपासच्या आहेत. त्यांत शूरवीरांच्या कथा जवळजवळ नाहीतच. याद्या आहेत, रजेचे अर्ज आहेत, उधारीचे तगादे आहेत. एका पत्रात कुणीतरी कुणालातरी कळवतंय की तुला मोजे, सँडलचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्यात. ‘चड्ड्या’ म्हटल्याबरोबर वर्ग हातातून जातो, पण पाच मिनिटांनी परत येतो तो प्रश्न घेऊनच. त्यांना थंडी वाजायची का? घरून पार्सल यायचं का? पाठवलं कुणी, आईने? (कुणी ते कळत नाही, पत्र तुटकं आहे.) मास्कलस नावाचा एक अधिकारी वरिष्ठांना विचारतो की उद्या आम्ही काय करायचं, आणि जाता जाता लिहितो की माझ्या माणसांकडची बिअर संपलीय, पाठवायला सांगा. हे तू गाळशील, मला माहीत आहे.

पण एक पट्टी गाळू नकोस, ती आपल्या मास्तरकीच्या जातीची आहे. तुंग्रियन (आजच्या बेल्जियमकडच्या) लोकांच्या पहिल्या पलटणीचं हजेरीपत्रक. तारीख 18 मे. पटावर 752, गैरहजर 456, हजर 296. गैरहजरांपैकी निम्म्याहून जास्त जवळच्या कॉर्ब्रिजच्या ठाण्यावर, काही गव्हर्नरच्या पहाऱ्याला. हजर असलेल्या 296 मध्ये आजारी 15, जखमी 6 आणि डोळे आलेले 10. ही वजाबाकी मी मुलांकडूनच फळ्यावर करून घेते आणि मग विचारते, आज हल्ला झाला तर लढायला माणसं किती? 265 येतं. वर्ग एकदम गप्प होतो, कारण सिनेमातलं न संपणारं रोमन सैन्य त्यांनी पाहिलेलं असतं. मग कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जखमींपेक्षा डोळे आलेले जास्त!’ तेवढं त्यांचं त्यांना दिसलं की माझं काम झालं.

आता तंबू. आठ शिपायांचा एक गट, त्यांचा एक तंबू, सामान वाहायला एक खेचर. असे दहा गट म्हणजे एक सेंच्युरी, म्हणजे शंभर नव्हे, 80 माणसं (यावर पोरं वाद घालतात, घालू दे). सहा सेंच्युरींची एक कोहॉर्ट, दहा कोहॉर्टचं लीजन, साधारण पाच हजारांचं. हे तक्त्यात लिहून काही होत नाही. तू व्हरांड्यात खडूने तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन आख आणि आठ जणांना दप्तरांसकट त्यात झोपायला सांग. माझ्याकडे मागच्या वर्षी एकाची ढाल दुसऱ्याच्या तोंडावर आली, तिसरी म्हणाली मी दाराजवळ झोपणार नाही, आणि चौथ्याने विचारलं, ‘मिस, यातला एक घोरत असेल तर?’ पंचवीस वर्षं! एकत्र शिजवायचं, एकत्र जेवायचं, रोजचा मुक्काम पडला की आधी खंदक खणायचा आणि मगच टेकायचं.

दळणाच्या बाबतीत मात्र तू माझ्या पुढे आहेस. शिपायाला भाकरी मिळत नसे, गहू मिळे, माणशी दिवसाला किलोच्या आसपास. तंबूतल्या मंडळींनी तो हातजात्यावर स्वतः दळायचा. मला इथे जातं कुठून मिळणार? मी खलबत्त्यावर भागवते आणि ते पटत नाही. तुमच्या गावात चार घरी तरी जातं निघेल. एका गटाला किलोभर गहू दे, आणि आठ जणांना पुरेल इतकं दळायला किती वेळ लागतो याचा हिशेब त्यांनाच मांडू दे. त्याआधी मैदानाला चकरा मारायला लाव, कारण रोमन भरतीच्या पोरांना उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल चालायचा सराव करावा लागे.

‘उन्हाळ्यातल्या पाच तासांत’ का, हे कुणी ना कुणी विचारेलच. रोमन लोक उजेडाचे बारा भाग करत, मग दिवस केवढाही असो. रोममध्ये भर हिवाळ्यात त्यांचा तास आपल्या पाऊण तासाएवढा भरे आणि उन्हाळ्यात सव्वा तासाएवढा. हिवाळ्यात शाळेचा तासही छोटा, हे पोरांना फार आवडतं. त्यांना लगेच सांग की शाळा पहाटे दिव्याच्या उजेडात भरायची आणि मास्तर झोडपायचे. होरेस या रोमन कवीने आपल्या ऑर्बिलियस मास्तरांना छडीबहाद्दर म्हणून अजरामर केलंय. विंडोलांडातही एका पोराने व्हर्जिलच्या काव्यातली ओळ गिरवलीय आणि तिच्यापुढे दुसऱ्या हाताने ‘आळशीपणा’ अशा अर्थाचा शेरा मारलाय, असं अभ्यासक मानतात. शेरा मारणारीण म्हणून मला त्या मास्तरांबद्दल जरा माया वाटते.

शहराबद्दल फार ताणू नकोस. रोममधल्या भाड्याच्या इमारती तेवढ्या सांग. ऑगस्टसने उंचीवर सत्तर फुटांची मर्यादा घातली होती, कारण इमारती कोसळत आणि पेटत. पाणी वर चढत नसे, आग लागली तर सुटका नाही, म्हणून वरचा मजला सगळ्यात स्वस्त. तुझ्या भावाने ठाण्यात सतराव्या मजल्यासाठी फ्लोअर राइझ (वरच्या मजल्याचे जादा पैसे) मोजला, त्याला हे कळव. पुठ्ठ्याच्या ढाली, सोनेरी कागदाची चिलखतं वगैरे करण्यात मात्र अख्खा दिवस जातो आणि मुलं फक्त डिंक लावायला शिकतात. ढालींचं कासव (ढाली डोक्यावर जोडून चालायची रोमन रचना) करायचंच असेल तर दप्तरं डोक्यावर धरून कर, मजा तेवढीच येते.

शिस्तीबद्दल ल्युसिलियसची गोष्ट सांग. हा सेंच्युरियन, म्हणजे सेंच्युरीचा प्रमुख, शिपायांच्या पाठीवर द्राक्षवेलीची छडी मोडायचा आणि ओरडायचा, ‘दुसरी आणा!’ तेच त्याचं टोपणनाव पडलं. इसवी सन 14 मध्ये पॅनोनिया या डॅन्यूबकाठच्या प्रांतातल्या पलटणींनी बंड केलं तेव्हा त्याला मारून टाकलं. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने त्या शिपायांच्या तक्रारीही लिहून ठेवल्यात: रोजचे दहा अ‍ॅस (तांब्याची नाणी), त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू, आणि वर जाच टाळायला सेंच्युरियनला चिरीमिरी. सहावीच्या पोरांना हे नीट कळतं.

एका गोष्टीवर मी इथल्या सहकाऱ्यांशी भांडते. रोमन बाजार भरवायचा आणि काही मुलांना गुलाम म्हणून ‘विकायचं’, असला खेळ मी वर्गात होऊ देत नाही. गुलामगिरी वगळायचीही नाही. पोराला शाळेत पोचवणारा, त्याचा दिवा धरणारा माणूस गुलाम असायचा, हे त्याच तासाला सांगायचं. मी साउथ शील्ड्सला सापडलेला रेजिनाचा दगड, म्हणजे तिच्या थडग्यावरचा, दाखवते. ती दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुवेलौनी टोळीतली. गुलाम होती. सीरियातल्या पालमायराच्या बाराटेसने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. तिसाव्या वर्षी ती गेली. दगडावर ती खुर्चीत बसलीय, शेजारी दागिन्यांची पेटी आणि लोकरीच्या गुंड्यांची टोपली. लॅटिन मजकुराखाली त्याने आपल्या पालमायरी लिपीत एक ओळ कोरून घेतलीय: बाराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय हाय. माझ्या वर्गातली एक मुलगी विचारत होती, ‘पण तिला लग्न करायचं होतं का?’ दगड ते सांगत नाही. मीही सांगितलं नाही.

तुझ्यासाठी राखून ठेवलेलं आता सांगते. विंडोलांडातल्या एका उधारीच्या यादीत गँबॅक्स नावाच्या माणसाच्या नावावर दोन दिनारांची मिरी लागलीय. मिरी म्हणजे आपल्या मलबारची! ती जहाजाने इजिप्तला, तिथून रोमन जगात आणि थेट या चिखलात. हे झालं की पोरांना एसटीने कोल्हापूरला ने. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. आपण कॉलेजात असताना तिच्यासमोरून कितीदा गेलो असू, बघितली नाही. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठण, तेर, कल्याण ही नावं येतात, ती नकाशावर आधी लावून घे.

हजेरीपत्रकाचा आणि रेजिनाच्या दगडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, मोठ्या आकारात छापून घे. जात्याचं काय झालं ते सविस्तर कळव, मिनिटांसकट, म्हणजे मला माझ्या वर्गाला तुमचे आकडे दाखवता येतील. आणि मुख्याध्यापक एसटीच्या सहलीला कुरकुर करायला लागले तर सांग, मी त्यांना एक ई-मेल टाकते. परदेशातून आलेल्या पत्राचा अजून थोडा दबदबा असतो म्हणतात.

काका-काकूंना नमस्कार. चिंटूला माझ्यातर्फे एक धपाटा.

तुझी,
शुभा