‘हेलो’ला नुसती मारधाड म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परग्रहावरच्या संसर्गाशी लढण्याच्या व्हिडिओ गेमबद्दल आपल्या अंकात एका वाचकभगिनींचं पत्र वाचलं. रोगाचं नुसतं निमित्त, बाकी सगळी मारधाड, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी खरी आहे, मुलं तासन् तास बसतात हेही खरं. पण त्यांनी ज्याचं नाव घेतलं, तो ‘हेलो’ मी स्वतः शेवटपर्यंत खेळलो आहे. शिवाय मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी सहायक म्हणून निवृत्त झालो. कीड कशी शिरते आणि कशी पसरते, हे पाहण्यातच माझी नोकरी गेली. म्हणून हे पत्र.

हा खेळ बंजी या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये काढला. मी तो पाहिला २०२० च्या टाळेबंदीत. धाकटा पुण्याहून घरी आला होता आणि खेळाची सुधारित आवृत्ती त्याच मार्चमध्ये कॉम्प्युटरवर आली होती. तो खेळायचा, मी मागे खुर्ची टाकून बसायचो. पहिल्या पाच मोहिमा मलाही युद्धासारख्याच वाटल्या. अवकाशात बांगडीसारखं एक प्रचंड कडं, त्यावर माणसांची आणि परग्रहवासीयांची लढाई.

सहाव्या मोहिमेत सगळं पालटतं. दलदल, धुकं. कालपर्यंत अंगावर येणारे शत्रू इथे स्वतःच पळत सुटलेले. आपला एक सैनिक भीतीने वेडा होऊन आपल्यावरच गोळ्या झाडतो. मग एका बंद दारामागून एक प्रेत अंगावर कोसळतं. एका सैनिकाच्या शिरस्त्राणातलं चित्रण आपण पाहतो, आणि आपल्या जहाजाचे कॅप्टन कीज यांच्या तुकडीचं काय झालं ते कळतं. तोवर खोलीत फुग्याएवढे, सोंडा असलेले जीव लोटायला लागतात. यांना ‘फ्लड’ म्हणतात. एका गोळीत फुटतात, त्यामुळे पोराला आधी ते काहीच वाटले नाहीत. पण ते नुसते चावत नाहीत. अंगात घुसून मज्जासंस्था ताब्यात घेतात, आणि मग तेच शरीर, त्याच गणवेशात, आपल्यावर चालून येतं.

मला तिथे डोमकळी आठवली. गुलाबी बोंडअळी कपाशीच्या फुलात शिरली की पाकळ्या नीट उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. दुरून फूलच दिसतं. बोंडात शिरली तर तेवढंही दिसत नाही, कारण आत जायचं भोक बुजून जातं. बाहेर हिरवंगार बोंड आणि आत सरकी खाणारी अळी. २०१७ साली आमच्याकडे लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, पण औषध बोंडाच्या आत पोचतच नाही. त्याच हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले. खेळातही लांब पल्ल्याच्या बंदुकीची गोळी फ्लडने ताब्यात घेतलेल्या शरीरातून आरपार जाते आणि ते चालतच राहतं. पोरगा वैतागून म्हणाला, ‘‘बाबा, ही बंदूक यांना लागतच नाही.’’ मी काही बोललो नाही. मला ते वर्ष दिसत होतं.

पुढे २००७ च्या तिसऱ्या भागात तर पडलेली प्रेतंही डोळ्यांदेखत उठतात. म्हणून खेळणारे फ्लड येण्याआधीच प्रेतं नष्ट करत जातात. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, ढीग काढा, त्यात अळी दबा धरून राहते, हे मी गावोगाव सांगत हिंडलो. माझ्या मुलाने ते माझ्याकडून कधी मन लावून ऐकलं नव्हतं. या खेळात त्याला ते आपोआप सुचलं.

पण मला ज्यासाठी लिहायचं आहे ते पहिल्याच भागात, यापुढे आहे. त्या कड्याचा एक राखणदार आहे, हवेत तरंगणारा निळा यंत्रगोल. गोड बोलतो, गुणगुणतो. तो नायकाला ‘लायब्ररी’ नावाच्या लांबलचक इमारतीतून नेतो (नंतर मी स्वतः खेळलो तेव्हा मला ती पार करायला चार संध्याकाळी लागल्या) आणि कडं चालू करायची किल्ली मिळवून देतो. हे यंत्र फ्लडचा नायनाट करणार, अशीच आपली समजूत. ऐन वेळी कोर्टाना, म्हणजे नायकाची संगणकीय सोबतीण, खरं ते सांगते. हे कडं फ्लडला मारतच नाही. फ्लड ज्यांच्यावर जगतो त्यांना मारतं. पंचवीस हजार प्रकाशवर्षांच्या टापूतले सगळे विचार करणारे जीव संपवायचे, म्हणजे कीड उपाशी मरेल. यावर तो राखणदार आश्चर्याने विचारतो, हे तुला ठाऊकच होतं ना? ठाऊक नसेल असं कसं?

संपादक महोदय, त्या वाक्याला मी खुर्चीतून उठलो.

कीड उपाशी मारणं हा खरा उपाय आहे. बोंडअळीचं जीवनचक्र तोडायचं तर डिसेंबर-जानेवारीत कपाशी उपटली पाहिजे, फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पुढे लांबवलेलं पीक, ठेवता कामा नये. शास्त्राला धरूनच आहे हे. मीही तेच सांगायचो. पत्रक वाटायचं, ‘फरदड घेऊ नका’ म्हणायचं, पुढच्या गावाला निघायचं. दारव्हा तालुक्यात एक बाई पत्रक हातात धरून म्हणाल्या होत्या, ‘‘साहेब, आता जो कापूस निंघन त्याच्यातच पोरीच्या कालेजची फी हाय.’’ मी त्यांना तेव्हा काय म्हणालो? ‘‘ताई, नुकसान कोणाचं होईल हे तुम्हाला ठाऊकच आहे.’’ त्यांना ठाऊक नव्हतं. अळी कुठे दडते, पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्याही वावरात कशी उतरते, हे एक बोंड फोडून दाखवायला दहा मिनिटं लागली असती. ती मी त्यांना दिली नाहीत. ज्याचं पीक उपटायचं त्यालाच काही न सांगता उपटायला लावणं, हे मी केलं आहे.

खेळात नायक राखणदाराला किल्ली देत नाही. आपल्याच जहाजाची इंजिनं उडवून तो ते कडंच नष्ट करतो. त्यासाठी लागणारं यंत्र मात्र कॅप्टन कीज यांच्या मेंदूत असतं, आणि कीज तोवर मांसाच्या एका गोळ्यात विरघळून गेलेले असतात. ते यंत्र काढतानाचा प्रसंग क्रूर आहे, हे मी लपवत नाही. लहान मुलांनी तो पाहू नये, अमेरिकेतही हा खेळ सतरा वर्षांवरच्यांसाठीच ठरवलेला होता. ही गोष्ट त्या पत्रात यायला हवी होती.

या खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. तिच्याबद्दल आपल्या पुरवणीत काही छापणार असाल, तर ते सहाव्या मोहिमेच्या पुढे गेलेल्या माणसाकडून लिहून घ्या. जाहिरातीतल्या बंदुका पाहून लिहिलेलं नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक, जि. यवतमाळ